चार नंबरच्या बरणीबद्दल ताईला

ती. ताईस,

धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? (नसेल तर औषध बदला, डॉक्टर बदलू नका, नवा डॉक्टर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करायला लावतो.) देवाच्या दयेने आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि माझ्या हातून लेकीच्या तीन वर्षांचं वाटोळं झालं आहे.

तुला ठाऊकच आहे, ती कोळशावर डॉक्टरेट करते आहे. हा शेगडीतला कोळसा नव्हे. काजळासारखा बारीक, आणि कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या भोकांत अडकतो म्हणे. नुसता कोळसा फारसा धरत नाही, म्हणून लेक त्याला निसर्गातलं काहीबाही पाजते. एका बरणीत अंड्याच्या कवचांची पूड, एकीत चहाचा चोथा, चार नंबरला सोयाबीन भिजवलेलं पाणी, सात नंबरला लाकडाच्या राखेची निवळ. मग वाळवायचं, तोलायचं, वायू सोडायचा, पुन्हा तोलायचं. वजन जेवढं वाढलं तेवढा वायू पकडला. मॅट्रिकपर्यंतच शिकले असले तरी एवढं मला समजतं. (आमच्या ह्यांना अजून समजलेलं नाही. ते त्याला बूटपॉलिश म्हणतात.)

प्रयोगशाळेतली भट्टी बिघडली आणि बरण्या वाळवणासाठी माझ्या ओट्यावर आल्या. मी जप करत ओटा पुसत होते. पाहते तर चार नंबर अर्धी, सात नंबर त्याहून कमी, आणि दोघी जागा अडवून बसलेल्या. ताई, आपल्या आईने दोन अर्ध्या बरण्या शेजारी शेजारी कधी राहू दिल्या असत्या का? मी सातातलं थोडं चारात ओतलं, उरलेलं अंड्याच्या कवचांच्या बरणीत लोटलं, चमच्याने हलवलं आणि सातची बरणी घासून पालथी घातली. काळं ते काळंच! लेकीला वाटलं, सात नंबर तिनेच संपवला.

त्या चार नंबरने इतका वायू धरला की तिच्या सरांनी तराजू दोनदा तपासून घेतला. बाहेरच्या परीक्षकांना तडक कळवून टाकलं. आता ते सोमवारी येणार आणि लेकीने तोच कोळसा त्यांच्यासमोर नव्याने करून दाखवायचा. होणार कसा? दहा दिवस ती सोयाबीन भिजवते आहे आणि कोळसा आपला ढिम्म. "आई, माझंच कुठेतरी चुकतंय गं," म्हणते. धड जेवत नाही. सरांनी बजावलंय, परत जमलं नाही तर आकडे मनाने घातले असंच लोक म्हणतील. जिने जन्मात खोटं लिहिलं नाही, तिला! आणि मी समोर ताट वाढून तोंडात मिठाची गुळणी धरून बसते. देवापुढे रोज कबुली देते, पण देव काही तिच्या सरांना फोन करत नाही.

तुझी,
तोंड दाखवायला जागा नसलेली बहीण

ता. क. गुडघ्यांसाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. तिचा तुझ्यावर जीव आहे. तूच फोन करून सांग. मावशीच्या तोंडून ऐकलं की पोरी निम्म्यानेच रागावतात.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट चिकटवताना ती पाणी प्यायला आली आणि मी बोलून गेले. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "चारात किती घातलंस?" ताई, मी दुधाचा थेंबसुद्धा वहीत मांडते, आणि हे ओतलं अंदाजाने.

ता. क. ३. सकाळपासून मला ओट्याशी उभं केलंय. "तेव्हासारखंच ओत, आई, विचार करू नकोस." मी ओतते, ती तोलते. एकोणीस वेळा ओतलं, एकोणीस वजनं निघाली. शेवटी तिने प्रयोगाच्या वहीत 'प्रमाण' या रकान्यात खरं तेच लिहिलं: आईचा हात. सोमवारी परीक्षकांपुढे तो हात घेऊन मलाच उभं राहायचंय. तू रविवारीच ये. चार माणसं टक लावून बघत असताना मी आजवर भाजीत मीठसुद्धा घातलेलं नाही.