पोटगीची केस मी जिंकतोय

३ जुलै
आजपासून रोज लिहायचं. फारकतीला दोघंही तयार. फॅमिली कोर्टात आता फक्त दीपमालाच्या पोटगीचं भांडण उरलंय. माझे बाळाजी वकील म्हणाले, कोर्ट नवऱ्याची कमाई बघतं, बायकोची बघतं, लग्नात राहणीमान कसं होतं तेही बघतं. म्हणजे गरीब दिसायचं. सोप्पंय. मी मुळातच साधा.

१८ जुलै
मध्ये लिहायचं राहिलं. दुकानात गर्दी होती. (नव्हती. पण असते.)
तारखेला विटका शर्ट आणि स्लीपर घालून गेलो. दीपमाला समोरच्या बाकावर. मला बघून घड्याळाकडे बघत बसली. भरून आलं असणार.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
गरीब कोर्टाला दिसायचं, दीपमालाला नाही! विंचूरच्या वाइन पार्कला गेलो. नव्या गाडीला टेकून फोटो, वॉचमनकडून. (गाडी कागदावर थोरल्या बहिणीची.) मग टेबलाचा फोटो. ग्लास दोन मागवले, सोबत कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून. दोन्हीत द्राक्षाचा रस. दोन्ही मीच प्यायलो. व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकलं : ‘एकदम मजेत’.

२२ ऑगस्ट
तिच्या वकीलबाईंनी माझं स्टेटस रंगीत प्रिंट काढून दाखल केलं. जज मॅडमनी आधी फोटो बघितला, मग माझ्या स्लिपरा. बाळाजी वकिलांनी कपाळाला हात लावला.
मी मात्र खूश. म्हणजे ती बघते! पोटगी बसली तर बसू दे, असं आज पहिल्यांदाच वाटलं.

२५ ऑगस्ट
वकील म्हणतात, स्क्रीनशॉट दीपमालाच्या भावाने काढला, शेखरने. दीपमालाने मला केव्हाच ब्लॉक केलंय म्हणे. वकिलांना सगळंच माहीत असतं असं नाही.

१० सप्टेंबर
ठरलं. लढायचं नाही, द्यायची. पण ऑनलाइन नको. दर महिन्याला मनमाडला तिच्या माहेरी जाऊन हातात द्यायची. वकील म्हणाले, पोटगी खात्यात जमा होते, त्यात चहापाणी नसतं. त्यांना आमची सासुरवाडी माहीत नाही. दारात आलेला जावई सासूबाई उपाशी पाठवत नाहीत. शिवाय पुढच्या वर्षी अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला जावई लागतोच.

२६ सप्टेंबर
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅडमनी दीपमालाला विचारलं, किती अपेक्षा आहे? ती म्हणाली, काहीच नको. शाळेतली नोकरी कायम झालीय, माझं भागतं. मॅडमनी परत विचारलं, कोणाचा दबाव? ती म्हणाली, नाही, फक्त आजच मोकळं करा.
मी उभा राहून म्हणालो, पण मी द्यायला तयार आहे! मॅडम म्हणाल्या, घेणारी नको म्हणतेय, कोर्ट काय जबरदस्तीने देववणार? बसा.
बाहेर बाळाजी वकिलांनी हात मिळवला. म्हणाले, अभिनंदन, पेढे आणा. आणले, तोवर ते दुसऱ्या केसला उभे होते. बहिणीने फोन उचलला नाही. घरी येऊन एक पेढा खाल्ला. फार एकटं वाटलं.
केस पूर्ण जिंकलो. मनमाडला आता माझं काहीच काम नाही.