कोरड्या तळ्यावरची मोटारबोट

अप्पा, उद्या मला नांदेडला एक मोटारबोट बघायला जायचं आहे. जुनी आहे, कुणाची तरी वापरलेली. गावाची ही पहिलीच बोट असेल. घ्यायची की सोडायची हे मी सांगायचं आहे, आणि मी हो म्हटलं की माझ्या हातून चौथी पास झालेली मुलं रोज सकाळी तिच्यात बसून पलीकडच्या शाळेत जाणार आहेत. शाळा सुटल्यापासून मी वर्गामागच्या माझ्या खोलीत बसून आहे. चहा केला, तो थंड झाला, पुन्हा केला, तोही थंड झाला. ज्याच्याशी हे बोलावं असं माणूस तुमच्याखेरीज दुसरं आठवलं नाही, म्हणून लिहायला घेतलं.

हे गाव तुम्ही पाहिलेलं नाही. तीन बाजूंनी धरणाचं पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. डोंगर चढून-उतरून रस्त्याला लागायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जातात. जिच्यात रस आटवायचा तिच्यात पोरं दप्तरं मांडीवर घेऊन गोल बसतात आणि एक जण फळीनं पाणी मारत काहील नेतो. बदली होऊन आले त्या दिवशी मीही अशीच आले, काहिलीचा काठ बोटं दुखेपर्यंत धरून. एकदा आत आलं की बाहेर पडणं आपल्या हातात राहत नाही. वारा सुटला की कुणी पाण्यात उतरत नाही. मग मी दारात उभी राहून पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी एस.टी. बघते. खिडकीत बसलेली बाई दिसते, तिचा पदर उडताना दिसतो, इतका तो रस्ता जवळ आहे. दुष्काळात मात्र सगळं उलटं होतं. तळ उघडा पडतो आणि लोक भेगाळलेल्या मातीवरून चालत बाजाराला जातात. प्यायला पाणी नसतं, पण गाव सुटलेलं असतं. पाणी आलं की पुन्हा अडकलं.

यंदाच्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, ग्रामसभेत मी म्हटलं की बोट घ्यायची तर आताच घ्या. सगळीकडची तळी आटलीत, लोक बोटी विकायला काढतायत. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, घागर भरायला पाणी न्हाई अन् बोट कशाला?" सगळे हसले. सरपंच, ज्यांना सारं गाव आबा म्हणतं, ते उठून उभे राहिले. "हसायचं काम न्हाई. मॅडमच्या वडलांची बोट होती लातूरला. मी पंप न्यायला गेलो तवा दुकानापुढं बघितलीय, या डोळ्यांनी. बोटीतलं मॅडमला न्हाई कळणार तर काय तुला? तुला म्हशीतलं बी कळंना!" पुन्हा हशा झाला, वर्गणी ठरली, आणि निवड माझ्या गळ्यात पडली. आबांनी बोट बघितली होती हे खरं आहे. ती पाण्यात मात्र कुणीच बघितलेली नव्हती.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचे तुम्ही मला नीट आठवता. गंजगोलाईच्या बाजारामागं आपलं पंपांचं दुकान, मी काउंटरवर पाय हलवत बसलेली, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय, "जिल्हा झालाय आता. कलेक्टर येणार, बँकेचे साहेब येणार. त्यांची बायकापोरं संध्याकाळी काय माझे पंप बघत फिरणार का? फिरायला तळं लागतं, तळ्याला बोट लागती." मग एक दिवस तुम्ही मला घेऊन नांदेडला गेलात. नदीकाठच्या वखारीत एक लाकडी बोट विटांवर उभी होती. तुम्ही थेट मशीनकडं गेलात. ऑईल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, दोरी ओढली आणि डोळे मिटून आवाज ऐकत राहिलात. त्या सगळ्या भागात मशीनचा आवाज तुमच्याइतका कुणाला कळत नव्हता. लाकडाकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाही. आपल्या कोरड्या मुलखातल्या माणसाला बोट म्हणजे मशीनच. बाकीची नुसती पेटी. "ठरलं," तुम्ही म्हणालात. ट्रकवरून ती लातूरला आली तेव्हा शेजाऱ्यांनी तिला हार घातला होता.

त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि पुढच्या वर्षीही झाला नाही. तळं आटलं. बोट दुकानापुढच्या कडुनिंबाखाली उभी राहिली आणि उन्हानं तिच्या फळ्यांचे सांधे उघडायला लागले. लाकडी बोट ओली राहिली तरच बोट राहते, हे तुम्हाला तेव्हा कळलं. तुम्ही पोती भिजवून तिच्यात पसरलीत, तर अव्वा बायकोच्या हक्कानं कडाडली, "माणसाला प्यायला न्हाई अन् लाकडाला आंघोळ घालतेत!" दुसऱ्या दिवसापासून तुमची स्वतःची आंघोळच बोटीत न्यायला लागलात. टॉवेल गुंडाळून, अर्धी बादली घेऊन तुम्ही बोटीत उभे आहात, अंगावरचं पाणी फळ्यांवर जातंय, मग तिथंच बसून कपाळाला विभूती लावताय. समोरचा किराणावाला रोज विचारतोय, "काय अप्पा, निघाली का बोट मुंबईला?" आणि तुम्ही केस पुसत म्हणताय, "तिकीट काढ, सोडतो तुला पुढच्या ठेसनाला." मी खाली वाकून बघायचे, साबणाचं पाणी कुठून ठिबकतंय ते. रोज नवी फट सापडायची.

एकदा मी म्हटलं, "अप्पा, परत देऊन टाका की." तुमचा आवाज चढला नाही, त्याचंच भय वाटलं. "बाजारात बसणाऱ्यानं ठरलं म्हटलं की ठरलं. आज मी शब्द फिरवला तर उद्या माझ्या पंपाला कोण हात लावील? असलं पुन्हा बोलायचं न्हाई." तुम्ही त्या एका शब्दात अडकून पडलात आणि आम्हीही तुमच्यासोबत. पाऊस आला तेव्हा फळ्या पुन्हा मिटल्या नाहीत. अव्वानं त्या एकेक करून बंबात घातल्या, आणि त्या हिवाळ्यात तुम्ही गरम पाण्यानं न्हाणीघरात आंघोळ केलीत.

मे महिन्यात आबा आणि मी उदगीरच्या बाजूला एका आटलेल्या तळ्यावर बोट बघायला गेलो. आता बोटी फायबरच्या असतात, उन्हानं त्यांचे सांधे उघडत नाहीत, म्हणून मी थोडी निर्धास्त होते. कोरड्या तळावर ती कलंडून पडली होती, वर ताजा हिरवा रंग. विकणाऱ्यानं मशीनखाली पाण्याची बादली लावली आणि चालू केलं. "ऐका मॅडम, लोणी हाय लोणी!" आबा खूष झाले. मी मागं गेले. जिच्यावर मशीन टांगतात ती मागची फळी फायबरच्या बोटीतही आतून लाकडाचीच असते; ती अंगठ्यानं दाबली तर रंगाखाली मऊ लागली. म्हटलं, पाण्यात घालून दाखवा. तो हसला, "पाणी हाय कुठं?" तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मग हिच्यात पाणी घाला." तो बघतच राहिला. "मॅडम, प्यायचं पाणी टँकरनं आणायलोय आम्ही, अन् तुम्हाला बोट भरायची?" क्षणभर मला वाटलं, अव्वाच बोलली. मी म्हटलं, टँकरचे पैसे आम्ही देतो, आणि नंतर तेच पाणी जनावरांना पाजा, थेंब वाया जायचा नाही.

टँकर आला. बोट सरळ करून निम्मी भरली. पाण्याच्या वासानं म्हशी आपणहून जवळ आल्या आणि बोटीत तोंडं घालून प्यायला लागल्या. थोड्या वेळानं मागच्या फळीखाली ओल दिसली, मग रंगाला फोड आला, मग करंगळीएवढी धार लागली. "एवढं तर चालतंच. एम-सील लावलं की काम झालं," विकणारा म्हणाला. आबांनी मला बाजूला घेतलं. "लेकी, मी नारळ आणलाय. गावात हार तयार हाय. फोनवर मी हो म्हणून बसलोय. आता न्हाई कसं म्हणायचं?" त्यांचा चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला होता. मी विकणाऱ्याकडं वळून म्हटलं, "नको." येताना जीपमध्ये नारळ आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर इकडून तिकडं गडगडत होता.

मग पाऊस आला, असा आला की तळी ओसंडली, आणि आमच्याकडं बोट नव्हती. मुलं पुन्हा काहिलीत बसायला लागली. गेल्या महिन्यात मधोमध काहील कलली. एका मुलीला मैत्रिणीनं वेणी धरून वर ओढलं, दप्तर गेलं. संध्याकाळी तिची आई माझ्या दारात आली. आत या म्हटलं तर आली नाही. "मॅडम, ती गळकी घेतली असती, तरी काहिलीपरीस बरी होती का न्हाई?" ती भांडायला आली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. नको म्हटलेलं बरोबर होतं असं मी मनात रोज म्हणते, आणि रोज सकाळी काहील पलीकडं टेकेपर्यंत माझा फळ्यावरचा हात हलत नाही.

उद्याची बोट गोदावरीत आहे, पाण्यात. मी सांगून ठेवलंय की मुलांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरा, मधोमध नेऊन मशीन बंद करा, थांबा, आणि तिथंच पुन्हा चालू करून दाखवा. मालकानं फोनवर विचारलं, मॅडम आत बसणार का काठावरून बघणार? मी बसणार म्हटलं. शेजारी उभे असलेले आबा फोनमध्ये वाकून ओरडले, "त्यांना कशाचं भ्या? त्या बोटीतच लहानाच्या मोठ्या झाल्यात!" उन्हाळ्यानंतर ते माझ्याबद्दल पहिल्यांदाच काही चांगलं बोलले, म्हणून मी गप्प राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा लिहून टाकते. अप्पा, मला पोहता येत नाही. इथं कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आणि लिहिता लिहिता आत्ता लक्षात आलं, तुम्हालाही मी कधी विचारलं नाही. तुम्हाला येत होतं का?