चाळीस मजले आणि आमचे तीन

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुलाला तो पटणार नाही, म्हणून दोन प्रती जोडल्या आहेत.

१. सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोरचे माझे दोन खोल्यांचे घर स्वकष्टार्जित आहे. ते पाडून टॉवर बांधावा असा मुलाचा आग्रह आहे. तो बांधकामाच्या धंद्यात आहे, कर्तबगार आहे. "बाबा, देश कुठल्या कुठे गेला, आणि तुम्ही अजून या दोन खोल्यांत!" असे तो दर रविवारी ऐकवतो. तोंडी उत्तर द्यायचा मला कंटाळा आला आहे.

२. माझ्या नोकरीच्या काळात, शहरातल्या पहिल्या चाळीस मजली इमारतीच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना तिथल्या लिफ्टच्या ब्रेकची कॉइल जळाली; तिच्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. नवी यायला महिना लागणार होता. रुग्णालयाच्या लिफ्टला तीच कॉइल होती आणि तिची देखभाल माझ्याकडेच होती. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले. "आधी देश वर जाऊ दे, मग सगळ्यांना वर घेता येईल." मला ते मनापासून पटले. कॉइल मी स्वतः काढली आणि दारावर पाटी लावली: दुरुस्तीसाठी बंद. उद्घाटनाच्या भाषणाला टाळ्याही वाजवल्या.

नवी कॉइल आली, ती टॉवरच्याच दुसऱ्या लिफ्टला बसली. रुग्णालयाची लिफ्ट अकरा महिने बंद राहिली.

३. माझी बायको त्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर आया होती. अकरा महिने ती बाळंतिणींना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेत होती. त्यात तिची पाठ गेली ती गेलीच. शेवटची नऊ वर्षे तिने अंथरुणात काढली. कॉइल कुठे गेली हे मी तिला सांगितले नव्हते, पण तिला ठाऊक होते. ती भांडली नाही. एकदाच, मी पाठ शेकून देत असताना म्हणाली, "अहो, चाळीस मजले चढवलेत. आमचे तीन तेवढे राहिले."

४. सबब, घर रुग्णालयातल्या आयांच्या मंडळाला द्यावे. कामाची पाळी संपल्यावर त्यांना पाठ टेकायला जागा नाही. पलंग तिचाच ठेवावा.

५. हत्यारांची पेटी रुग्णालयाच्या लिफ्टमनला. तिच्या तळाशी मेणकागदात गुंडाळलेली नवी कॉइल आहे. कितीही मोठा माणूस मागायला आला तरी ती बाहेर द्यायची नाही.

६. टॉवरच्या उद्घाटनात साहेबांनी दिलेले सन्मानचिन्ह भंगारात घालावे. मागेच घालायचे होते, राहून गेले.

७. मुलाला ती 'दुरुस्तीसाठी बंद'ची पाटी. बाळा, तुझ्यावर राग नाही. तुझ्या वयाचा असताना मी हेच बोलत होतो. पाटी भिंतीवर लाव, नाहीतर कपाटात टाक. फेकू मात्र नकोस. अक्षर माझे आहे.

साक्षीदार: लिफ्टमन (सही). तिसऱ्या मजल्यावरील मुख्य परिचारिका (सही).

दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सकाळ.

स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, परिचारिकांची खोली. लिफ्ट चालू होती. मी जिन्याने आलो, म्हणून साक्षीदारांना थांबावे लागले.

(सही)