फाटकाबाहेरचा बाक

९ मार्च
बाक मोडला! मी बसलेली असतानाच. सूर्यफुलाच्या बियांसकट रस्त्यात उताणी पडले. कोणी हसलं नाही. हसायला रस्त्यावर कोणी हवं ना.

१० मार्च
आमच्याकडे फाटकाबाहेर बाक नसला की आत माणूस नाही असंच धरून चालतात. धुरांड्यातून धूर निघत असला तरी! संध्याकाळी येणारा-जाणारा बाक बघून टेकतो, चार बिया फोडतो, कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवतो आणि उठतो. माझ्याकडे गेल्या वर्षी कोण टेकलं? स्तोयना, दोनदा. तीही आता लेकीकडे सोफिया शहरात गेली.
नवा बाक करायचा. मीच. सहा मेच्या आत, कारण संत जॉर्जच्या सणाला बाहेरगावी गेलेले सगळे येतात. एक तरी माणूस बसेल. एवढंच हवंय मला.

१२ मार्च
वांगेलची हत्यारांची पेटी उघडली. बारा वर्षांनी. बेकरीतल्या रुमेनाबरोबर स्पेनला पळाला तेव्हा बायको आणि हत्यारं दोन्ही इथेच टाकून गेला. दोन्हींना गंज चढलाय.
मी पटाशी घासायला लागले तर समोरच्या घराच्या खिडकीतून गेंचोआबा ओरडले. चौऱ्याऐंशी वर्षांचे. जन्मभर बैलगाड्यांची चाकं केली, आता कंबर गेली म्हणून खिडकीतून गावावर पहारा.
"नेदा! धार नंतर! आधी पटाशीची पाठ सपाट कर! पाठ वाकडी तर सगळी धार चुलीत!"
"आधी तुमची पाठ सरळ करा, आबा!"
पण केलं त्यांनी सांगितलं तसंच. खिडकीच्या एका सुट्या काचेवर पॉलिशपेपर ठेवून तासभर पाठ घासली, चकचकीत होईपर्यंत. मग दगडावर धार. मनगटावरचे केस सपकन निघाले! पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले, असं समाधान एकदाही मिळालं नाही.

१७ मार्च
बसायच्या फळीसाठी गोठ्याचं जुनं ओकचं दार घेतलं. वाळून खडखडीत झालंय. पायांसाठी मागचं अकेशियाचं झाड तोडलं. ओलं लाकूड काय सुंदर कापलं जातं! प्रत्येक पायाचं वरचं टोक गोल तासून कुसू केलं, फळीत गिरमिटाने भोकं पाडली, ठोकलं. गच्च! आबांना विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट काय खिडकीला विचारायची?

१८ मार्च
रंधा चावतोय. फळीच्या ढलप्या निघतात. चिडून फळी फिरवली, दुसऱ्या टोकाकडून रंधा मारला, तर कागदासारखे पातळ छिलके! लाकडाच्या रेषा जिकडे चढतात तिकडेच जायचं. उलट गेलं की ते चावणारच. मी तरी काय वेगळी आहे.

२ एप्रिल
आज कोणाशीच बोलले नाही. पावाची गाडीही आली नाही. संध्याकाळी रंध्याला शिव्या घातल्या, तेवढाच आवाज.

१४ एप्रिल
चारही पाय डुगडुगताहेत! एक तर हाताने उपसून निघाला. तो घेऊन आबांच्या खिडकीखाली गेले.
"ओला पाय, कोरडी फळी? अगं बये!" आबांनी कपाळाला हात लावला. "वाळलं की लाकूड आकसतं. कुसू बारीक झालं, भोक आहे तेवढंच राहिलं. पाय कोरडाच हवा. फळी थोडी ओली असली तर उलट चांगलं, वाळताना तीच पायाला आवळते. विचारायला तोंड झडलं होतं?"
"विचारलं असतं तर रोज ऐकवलं असतं तुम्ही."
"न विचारताही ऐकवीनच!"
घरी येऊन रडले. चार पायांसाठी एवढं रडायचं? पण सहा मे जवळ आला. या वर्षीही कोणी थांबलं नाही तर पुढच्या वर्षी मी फाटकाबाहेर बाक ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

१९ एप्रिल
पडीक द्राक्षबागेतून जुने खांब उपटले. तेही अकेशियाच, पण वीस वर्षं उन्हात वाळलेले. दगड झालेत. दर चार इंचांनी पटाशीला धार लावावी लागते.

२४ एप्रिल
पाय बसले. कुसवाला वरून चीर पाडली, तिच्यात ओकची पाचर ठोकली. "पाचर फळीच्या रेषांना आडवी!" खिडकीतून आबा. "रेषांच्या दिशेने मारलीस तर फळीच दुभंगेल!" आडवीच मारली. हत्तीही बसू दे आता.

२९ एप्रिल
जवसाचं तेल दिलं. तेलाची फडकी बोळा करून ठेवायची नाहीत, आपोआप पेट घेतात म्हणे. तारेवर पसरली. लांबून वाटावं घरात चार माणसांचे कपडे धुतलेत.

६ मे
सण. अकरा गाड्या आल्या. गावभर भाजलेल्या कोकराचा वास. मी नवा फुलाफुलांचा रुमाल बांधून बाकावर बसले, बशीत बिया. लोक काच खाली करून ओरडायचे, "नेदामावशी, बाक झकास! येतो हं मागाहून!" संध्याकाळी एकेक गाडी निघून गेली. बशी भरलेलीच आत नेली.

७ मे
बाक चांगला झालाय. आबाही म्हणाले.

११ मे
सकाळी फाटक उघडलं तर बाकावर कोणीतरी पाठमोरं बसलेलं! काळे कपडे, पायाशी बॅग. आली बाई कोणीतरी!
ती वळली. रुमेना.
ती बसूनच राहिली. हातात कागद होता, मेलेल्याच्या घरच्या फाटकावर चिकटवतात तो. वांगेलचा फोटो. खाली शोक करणाऱ्यांत बायको म्हणून पहिलं नाव माझं छापलंय. तिचं कुठेच नाही.
"हे फाटक त्याचं होतं," ती म्हणाली. "हा कागद लावायला माझ्याकडे कुठलं फाटक?"
मी तिच्या शेजारी बसले.
"जेवलीस का?" मी विचारलं.