वस्तीचा टॅग

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२७ एप्रिल २०२४

प्रिय प्रेरणा,

मैत्रिणीचं चांगलं झालं की आपल्या पोटात का दुखतं?

फर्दापूरला भावाची हळद छान झाली असेल. इथं आपल्या खोलीवर काल नळ आला, तुझीही बादली भरून ठेवली आहे. फोनवर बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहिते. सोमवारी हे पत्र ऑफिसात तुझ्या टेबलावर असेल.

पाण्याच्या टँकरच्या वेळा दाखवणाऱ्या आपल्या वेबसाइटवर गावोगावची पानं मी हातानं केली होती. तीच चौकट, तोच मजकूर, फक्त गावं आणि वेळा वेगळ्या. मग तू आलीस आणि स्वतःचा टॅग बनवलास. पानात 'टँकर' एवढी खूण करून पुढं गावाचं नाव दिलं की वेळ, चालकाचा नंबर, सगळं आपोआप उमटतं. बद्रीनाथ सर खुर्चीतून उठलेच. "याला म्हणतात डोकं! दिपाली, शिकून घे जरा."

मी हसले. डबा मात्र उघडला नाही. तू विचारलंस तेव्हा भूक नाही म्हणाले.

तुझा टॅग मला आवडला, हेच जास्त लागलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मला वाटायचं, राबलं की पुरतं.

काल गंगापूरहून आईचा फोन आला. "तुमच्या त्या मोबाईलमधी आधी आपल्या वस्तीची येळ यायची. आता नुसतं गावाचं दिसतंय. दगडाबाई सकाळधरनं हंडे मांडून बसली, टँकर आला दुपारून."

मी पान उघडलं. तुझ्या टॅगला गाव म्हणजे एक विहीर आणि एक वेळ. पण आमची मेंढरंवाली घरं गावात नसतात, माळावर असतात. टँकर आधी गावच्या विहिरीत रिकामा होतो, मग दुसरी खेप वस्तीवर येते. माझ्या पानांत त्या खेपेची वेगळी ओळ होती. तुझा टॅग बसला आणि ती सगळ्याच गावांतून गेली. तू गावठाणात वाढलीस, तुला कसं सुचणार?

खरं सांगू? मला आनंद झाला. आमच्या शेजारची दगडाबाई उन्हात बसलेली, आणि मी मनात सोमवारची बैठक रंगवत होते. पाणीपुरवठ्याचे साहेब समोर, आणि मी सगळ्यांदेखत विचारते, "प्रेरणा, वस्ती कुठंय गं?" पुढचं काम तुझ्या हाती द्यायचं की माझ्या, हे सर त्याच बैठकीत ठरवणार आहेत.

आईला म्हणाले, "सोमवारी बघते."

"सोमवारपस्तोर काय, तुझं सर्टिफिकेट पियाचं व्हय?"

आज सुट्टी असूनही मी ऑफिसात आले. तुझ्या टॅगशेजारी 'वस्ती' नावाचा दुसरा टॅग बनवला आणि सगळ्या पानांत बसवला. आईला पान उघडायला लावलं. दिसतंय म्हणाली. मग सरांना फोन केला. सांगितलं, टॅगची कल्पना प्रेरणाची, वस्त्या सुटल्या त्याही तिच्याकडूनच, दुरुस्ती माझी.

मधलं वाक्य मला गाळता आलं असतं. मी गाळलं नाही.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझीच
दिपाली