मँगोच्या पोटाची हकिगत

७ डिसेंबर
प्रसेनजित, पुण्याले जाताना चार्जर नेला, मोजे नेले अन् साप विसरला! आता हे कोन बोलून राह्यलं तेही आठवत नसंन, तं सांगते. तुही आजी, कलाबाई, मुक्काम सुलतानपूर. अक्षर तुह्या मायचं, सुवर्णाचं, जीभ माही. तू म्हनला, मँगोनं काय खाल्लं, काय पचवलं ते लिहून ठेवा. ठेवते. एवढी लेकरं वाढवली, हा करंगळीएवढा परदेशी साप काय चीज आहे? महिन्यात गुबगुबीत करते.

९ डिसेंबर, सकाळ
फ्रीजरमधलं उंदराचं पिल्लू कोमट पान्यात नरम केलं, चिमट्यानं पुढं धरलं. खा बे, म्हटलं. त्यानं तोंड फिरवलं. मंग पाहतच राह्यला. याले पापन्याच नाहीत. पेटीवर टॉवेल टाकला. भेली नाही, त्याले ऊन लागत होतं. सुवर्णा म्हनते या खोलीत ऊन येतच नाही. तिले काय समजते!

१२ डिसेंबर
खाल्लं! लगेच खांद्यावर घेतला, ढेकर निघावी म्हनून पाठ थोपटली. तुही अशीच काढत होती. सुवर्णा म्हने, आई, खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. म्हटलं, हात कुठं लावला? थोपटलं फक्त.

१३ डिसेंबर
सगळं उलटून टाकलं. हवा बदलली म्हनून. पोटाले हिंग लावला.

१४ डिसेंबर
तुहा फोन. हिंग पुसा, दहा-बारा दिवस उपाशी ठेवा, पुन्हा उलटलं तं मरंन म्हनला. मरत नाही. मी आहे ना.

२० डिसेंबर, सांज
पेटी ठेवली तठीच तुह्या आबाची खाट होती. शेवटी शेवटी तेही असेच, चमचा पुढं केला की भिंतीकडं तोंड. आज त्या कोपऱ्यात कोनीतरी खोकललं. आपल्या घरात भूतबित कोनी मानत नाही, मी तं मुळीच नाही. लाइट चालू ठेवला, तो सापासाठी.

२६ डिसेंबर
पिल्लू धरलं. खा ना जी, म्हटलं. सुवर्णानं मान वर केली, जी कोनाले म्हनता, आई? म्हटलं, घसा खवखवला. खाल्लं त्यानं. पोट गरम आहे का, एक बोट लावून पाह्यलं. एकच.

२७ डिसेंबर
उलटलं. पाठीचा कना दिसून राह्यला. हे उंदीरच शिळे.

८ जानेवारी
रोहिणखेडले भाचीच्या घरी बारशाले गेल्ती. सुवर्णानं माह्या मागं पिल्लू ठेवलं अन् दार लोटलं. खाल्लं, पचलं, लेंडीही टाकली. मी म्हटलं, हिंगाचा गुन. सुवर्णा हळूच म्हने, आई, आबाही तुमी नळावर गेल्या की दोन घास खात. समोर डोळे लावून बसता, तं घशाखाली उतरत नाही म्हनत. तुमाले सांगू नको म्हनत.
खोटं बोलते.

९ जानेवारी
आज पेटीकडं फिरकली नाही.

१४ जानेवारी
टॉवेल काढला. पिल्लू ठेवलं, पाठ केली अन् माही भाकर तठीच बसून खाल्ली. मागं काहीतरी हललं. पाह्यलं नाही. खोकलाही आला नाही.
फ्रीजरमधले सरले. त्याले उंदीर धाड, लहानच. अन् नानकटाई धाड, नरम, तुह्या आबाले चालत होती तशी. कोपऱ्यात ठेवून मी नळावर जाईन.