मधला चेहरा

३ मार्च, मंगळवार

इन्स्पेक्टर आज परत आला. फोटोंचा तोच गठ्ठा. सगळे ड्रायव्हर, सगळ्यांना मिशा, सगळ्यांची कपाळं रुंद. मीच तसं सांगितलं होतं ना— गाडीच्या काचेमागं रुंद कपाळ आणि मिशी दिसली म्हणून!

"नीट बघा मावशी, घाई नाही."

"यातला कोणी बिनलग्नाचा असला तर बाजूला काढा, वरच्या खोलीतल्या पोरीला दाखवू."

शिपाई फिसकन हसला. इन्स्पेक्टर नाही हसला.

मागच्या वेळी ज्याच्यावर बोट थांबलं होतं त्याच्यावरच परत थांबलं. लाँड्रीचा टेम्पो चालवतो म्हणे. हा? असेल. इन्स्पेक्टरनं हळूच मान डोलावली. मग आणखी नीट बघितलं. असेलच.

पावसाळा सरता सरता हे गेले. वळणावर टेम्पो आला, ह्यांची सायकल उडाली, काचेमागचा चेहरा माझ्याकडं वळला आणि गाडी गेली. पापणी लवावी तेवढंच. बघणारी मी एकटी. ह्यांच्यासाठी माझ्याकडं आता तेवढंच उरलंय.

५ मार्च, गुरुवार

वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी मागंच लागली. "काकू, माझ्या प्रयोगाला साठीच्या पुढची माणसं मिळत नाहीत हो."

"मग शोध एखादी म्हातारी. मला काय विचारतेस?"

शेवटी गेले. पीएचडी करतेय. गंभीर तोंड करून सांगत होती— लहान मूल कुत्रा वेगळा, मांजर वेगळं हे कसं ओळखायला लागतं? नियम कोणी सांगत नाही, तरी येतं. ते डोक्यात कसं येतं, हे ती शोधतेय. एवढी फी भरून! आमच्या गावच्या शाळेत गुरुजी छडी उगारायचे, सगळं येत होतं.

पलंगावर कम्प्युटर, खुर्चीवर ओले मोजे. पडद्यावर माणसांचे चेहरे येतात. खरे नाहीत, तिनंच बनवलेले. दोन घराणी आहेत. चेहरा आला की कुठल्या घराण्यातला ते बटण दाबून सांगायचं. बरोबर आलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. मी एका घराण्याला माहेरचे म्हटलं, दुसऱ्याला सासरचे. सासरचे म्हणून बटण दाबलं की लाल! परत लाल!

"पोरी, हे लग्नाआधी सांगायला हवं होतंस."

तिला हसू आवरेना. पण शेवटी शेवटी माझे सगळे हिरवे यायला लागले. कशावरून ओळखता, विचारलं तर सांगता येईना. बघितलं की कळतं, बस्स.

७ मार्च, शनिवार

केस विंचरताना कपाटाच्या आरशात मागं तो, काचेमागचा, उभा. वळले तर खुंटीवर ह्यांचा शर्ट.

आधी नुसतं कपाळ आणि मिशी होती. मग डोळे आले. आता ओठाचा कोपरासुद्धा दिसतो, जरा खाली ओढलेला. दिवस जातील तसं पुसट व्हायला पाहिजे ना? हा तर उजळतोय! ह्यांचा चेहरा आठवायला बसले तर हाच मधे येऊन बसतो. मेल्या, नवरा नेलास तो नेलास, आता आठवणीतही जागा अडवतोस?

८ मार्च, रविवार

भावोजींचा फोन. ओळख परेड सोळा तारखेला. "वहिनी, रांगेत तो उभा असेल. फक्त बोट दाखवायचं. कच खायची नाही. दादाचा जीव गेलाय."

खाणार नाही म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

पोरीच्या प्रयोगाचा शेवट झाला. आज मी सांगायचं होतं— हा चेहरा आधी पाहिलाय की नवा? बरेच चेहरे गोंधळाचे होते. मग एक आला आणि मी खुर्चीतून उठलेच. "हा! हा तर कितीदा आला! सासरचा थोरला!" खात्री किती, ते पण सांगायचं असतं. शंभर टक्के म्हटलं. काही जास्तीचं असलं तर तेही लाव म्हटलं.

काम संपल्यावर सगळं उघड करून सांगायचं, असा तिचा नियम आहे. म्हणाली, "काकू, तो चेहरा तुम्हाला एकदाही दाखवलेला नाही."

"चल, थट्टा नको."

"खरंच. सासरचे सगळे चेहरे एकत्र मिसळून त्यांचा मधला, सरासरी चेहरा काढलाय. लपवून ठेवला होता. तुम्ही पाहिलेले सगळे थोडे थोडे त्याच्यासारखे. डोकं आपणच तो मधला तयार करतं आणि मग तोच सगळ्यात ओळखीचा वाटतो. खूप जणांचं असंच होतं."

मी हसले. "म्हणजे माणूस नाहीच, आणि मी त्याला थोरला करून बसले!"

जिना उतरताना हसू कुठं गेलं कळलं नाही. कठडा धरून उभी राहिले.

११ मार्च, बुधवार

इन्स्पेक्टरच्या गठ्ठ्यातले सगळे कपाळवाले, मिशीवाले. त्यांचा मधला कोण?

१२ मार्च, गुरुवार

पोरीला खाली बोलावून सरळ विचारलं. माझा चेहरा खरा की मधला?

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. "ते मला नाही सांगता येणार, काकू. कोणालाच नाही सांगता येणार. तुम्ही चुकताय असं मी म्हणत नाही. तुम्हाला जी खात्री वाटते, तिच्यावर जाऊ नका, एवढंच."

"मग कशावर जाऊ? माझ्याकडं दुसरं काय आहे?"

तिनं कप खाली ठेवला. "एवढं शिकून हेच का तुझं उत्तर?" म्हटलं चिडवायला, तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. मग मलाच तिची पाठ थोपटावी लागली!

भावोजींना फोनवर सांगून बघितलं. "भाडेकरूच्या खेळापायी दादाचा मारेकरी सोडणार तुम्ही?" आणि फोन आपटला. त्यांचं तरी काय चुकलं? तोच असला तर?

१५ मार्च, रविवार

आज सगळीकडं तो. दुधाच्या रांगेत, तव्याच्या बुडाशी. ह्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसला तेव्हा मी खोलीतून बाहेर आले.

१६ मार्च, सोमवार

लांब खोली, हिरवट भिंती, ट्यूबलाइट फडफडत होती. माणसं ओळीनं उभी. सगळ्यांना मिशा.

तो खिडकीच्या बाजूला. लाँड्रीवाला. बघताक्षणी ओळख पटली. हाच! तेच डोळे. ओठाचा कोपरा तसाच खाली ओढलेला. माझा हात आपोआप उचलला गेला.

आणि मग मनात आलं, धुळीनं भरलेली काच, वर ऊन तळपतंय, पापणी लवेपर्यंत गाडी गेली. त्यात ओठाचा कोपरा दिसला कधी गं तुला?

हात खाली घेतला. पदरात गुंडाळून ठेवला.

"ओळखत नाही."

"मावशी, नीट बघा."

"नीट बघून बघूनच तर हे झालंय, साहेब."

बाहेर भावोजींनी पाठ फिरवली. स्कूटर काढली आणि एकटेच गेले. मी चालत आले. वाटभर तो माझ्या पुढं चालत होता.

१८ मार्च, बुधवार

लाँड्रीवाल्याला सोडलं. जाऊबाई फोनवर सांगत होत्या, गल्लीभर चर्चा आहे, बाई फितली म्हणतात. पैसे कोणाकडून मिळाले तेवढं विचारून सांगा म्हटलं, मलाही कळू दे.

फोन ठेवला आणि ह्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसले. तोच असेल, तर मी त्याला हातानं घरी पाठवलं. "अहो, रागावलात का?" विचारलं. ह्यांचा चेहरा आज आठवलाच नाही.

२४ मार्च, मंगळवार

दुपारी दार वाजलं. अनोळखी माणूस, हातात टोपी चुरगाळलेली. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "तुम्ही लाँड्रीवाल्याला अडकवलं नाहीत, ऐकलं. अडकवलं असतंत तर मी गप्पच बसलो असतो, मावशी. आता नाही बसवत. टेम्पो मी चालवत होतो. इथून ठाण्यावरच जातोय."

त्याला खिडकीशी उजेडात उभं केलं आणि बघितलं, बघतच राहिले. कपाळ अरुंद. मिशी नाही. कधीच ठेवली नाही म्हणाला.

हा चेहरा मी जन्मात पाहिलेला नाही.